इंग्रजी पत्रात जोडशब्द परत परत का घुसतात आणि ते कसे काढायचे

लक्षण ओळखीचं आहे. पत्रात स्पेलिंगची चूक नाही, कॉम्प्युटर कुठं तांबडी रेघ मारत नाही, तरी पलीकडचा माणूस वाचताना अडखळतो. "वी विल रिटर्न बॅक द मटेरियल टुमॉरो इटसेल्फ." "प्लीज काइंडली सेंड." "जस्ट ओन्ली टू पीसेस." कुणी दाखवून दिलं की तेवढी जोडी काढली जाते आणि पुढच्या पत्रात दुसरी हजर होते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपची कोटेशनं असोत, शहापूर-वडगावच्या साडीवाल्यांचे ईमेल असोत, पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोरांचे रजेचे अर्ज असोत की इंजिनिअरिंगचे प्रोजेक्ट रिपोर्ट, निपाणीपासून खानापूरपर्यंत त्याच दहा-बारा जोड्या फिरत असतात.

यावर सगळीकडे एकच औषध सांगितलं जातं: दोनातला एक शब्द काढा. ते अर्धवट आहे, म्हणून दुखणं परत येतं. काही जोड्यांत एक शब्द काढला की काम भागतं. काहींत काढला की अर्थच निसटतो. काही जोड्या मुळात बरोबर असतात आणि त्यांना हात लावायचा नसतो. त्यामुळे आधी जोडीची जात ओळखायची, मग कात्री.

खालची इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं वाचा. डोळा ज्या जोडीवरून घसरून जातो, ती कानाला सापडते.

मूळ कुठं आहे

मराठीत शब्द दोनदा म्हणणं हे नुसतं जोर देणं नव्हे, ते व्याकरण आहे. शाळेत "पूर्णाभ्यस्त शब्द" म्हणून जो धडा असतो तो हाच. "एक" आणि "एकेक" यांचा अर्थ वेगळा. "हळू" म्हणजे वेग कमी, "हळूहळू" म्हणजे क्रमाक्रमानं. बेळगावच्या माणसाच्या कानावर तर हीच गोष्ट दोन्ही बाजूंनी पडते, कारण कन्नडमध्येही तसंच चालतं: "मत्ते मत्ते" म्हणजे पुन्हा पुन्हा, "बेरे बेरे" म्हणजे वेगवेगळे, "ओंदोंदु" म्हणजे एकेक. घरात मराठी, बाजारात कन्नड, दोन्हींत द्विरुक्ती. मग इंग्रजीतही ती चालणार असं हाताला वाटतं, त्यात नवल नाही.

इंग्रजीत मात्र शब्द दोनदा आला की बहुतेक वेळा फक्त वजन वाढतं, नवा अर्थ येत नाही. मराठी द्विरुक्तीनं जे सांगितलेलं असतं ते तिथं वेगळ्याच शब्दानं सांगावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न "कुठला शब्द काढू?" हा नाही. पहिला प्रश्न "मराठीत ही जोडी काय सांगत होती?" हा आहे.

द्विरुक्तीच्या जोड्या: काढू नका, बदला

रजेच्या अर्जातलं नेहमीचं वाक्य घ्या: "माय फादर इज रिकव्हरिंग स्लोली स्लोली." एक "स्लोली" काढला तर "रिकव्हरिंग स्लोली" उरतं. याचा अर्थ बरं व्हायला उशीर लागतोय, तब्येत काळजीची आहे. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं हळूहळू सुधारणा आहे, म्हणजे बातमी चांगली. त्यासाठी "ग्रॅज्युअली" किंवा "स्टेडिली". एक शब्द छाटून इथं चांगल्या बातमीची वाईट बातमी होते.

"पुन्हा पुन्हा" जरा वेगळं. "द मोटर ट्रिप्स अगेन अगेन" हे चूक, पण "अगेन अँड अगेन" चालतं, मधल्या "अँड"मुळे ती इंग्रजीची स्वतःची जोडी होते. तक्रारीच्या पत्रात त्याहून सरळ म्हणजे "द मोटर कीप्स ट्रिपिंग". मराठीतही आपण "मोटर सारखी ट्रिप होते" म्हणतोच की. क्रियाविशेषणाचं काम क्रियापदानं केलं की जोडीची गरजच उरत नाही.

सगळ्यात धोक्याचं "दोन दोन". पॅकिंगच्या सूचनेत "पॅक टू टू पीसेस" लिहिलं तर वाचणारा "टू" एकदाच वाचणार आणि दुसरा टायपिंगची चूक समजणार. वर तोच उच्चार "कडे" या अर्थाच्या छोट्या शब्दाचाही आहे, म्हणजे फोनवर वाचून दाखवलं तर आणखी घोळ. प्रत्येक खोक्यात दोन म्हणायचं असेल तर "टू पीसेस पर बॉक्स". प्रत्येक माणसाला दोन असतील तर "टू ईच". एका वेळी दोन असतील तर "टू ॲट अ टाइम". मराठीचा एक "दोन दोन" तिन्ही अर्थांना पुरतो, इंग्रजीचा एकही शब्द पुरत नाही.

"डिफरंट डिफरंट कलर्स" मध्ये मात्र एक शब्द सरळ काढा. "कलर्स" या अनेकवचनानं वेगवेगळेपण सांगून झालेलं असतं. "फास्ट फास्ट" हा शब्द लेखी पत्रात नकोच, त्याच्या जागी तारीख किंवा वेळ लिहा.

"च" इंग्रजीत कुठं जातो

या भागातल्या इंग्रजीत सगळ्यात जास्त गोंधळ "ओन्ली" आणि "इटसेल्फ" यांचा आहे, आणि दोघांच्या मागं एकच अक्षर उभं आहे: च. कन्नडमध्ये तेच काम शेवटचा "ए" करतो, "इवत्तु"चं "इवत्ते" झालं की आजचं आजच झालं. त्यामुळे मराठी माणूस आणि कन्नड माणूस दोघंही "टुडे ओन्ली" म्हणतात, दोघांना एकमेकांचं कळतं, आणि चूक कुणालाच दिसत नाही. पत्र परगावी गेलं की दिसते.

च ज्या शब्दाला चिकटतो त्याच्यावर त्याचा अर्थ ठरतो. तीन वाक्यं जवळून बघा:

आम्हीच २०० नग दिले.
आम्ही २००च नग दिले.
आम्ही २०० नग दिलेच.

पहिल्यात दुसऱ्या कुणी दिले नाहीत. इंग्रजीत "ओन्ली वी सप्लाइड" किंवा "इट वॉज वी हू सप्लाइड". दुसऱ्यात २०० पेक्षा जास्त नाहीत, तिथं "वी सप्लाइड ओन्ली टू हंड्रेड पीसेस". "ओन्ली" आकड्याच्या लगेच आधी. तिसऱ्यात कुणीतरी दिले नाहीत असं म्हटलंय आणि आपण ते खोडून काढतोय. तिथं "ओन्ली" अजिबात चालत नाही, तिथं "डिड" लागतो: "वी डिड सप्लाय टू हंड्रेड पीसेस." बिलाच्या वादात ही तीन वाक्यं तीन वेगळे दावे आहेत. तिन्हींच्या शेवटी "ओन्ली" चिकटवला तर कुठला दावा केलाय ते समोरच्याला कळणार नाही, आणि तो त्याला सोयीचा घेईल.

वेळेचा च वेगळा. "कालच" म्हणजे फार दिवस झाले नाहीत. ते "ओन्ली यस्टरडे" किंवा "जस्ट यस्टरडे". शब्द तेच, क्रम उलटा. "यस्टरडे ओन्ली" हे आपल्याकडचं इंग्रजी आहे. "आजच पाठवतो" मधला च आश्वासनाचा आहे, त्याला इंग्रजीत नुसता "टुडे" पुरतो. फारच जोर हवा असेल तर "बिफोर फाइव्ह पीएम टुडे". "टुडे इटसेल्फ" भारतात सगळ्यांना कळतं. बेळगावातून हुबळीला पत्र जात असेल तर त्यावरून भांडायचं कारण नाही. बाहेरच्या देशातल्या ग्राहकाला ते चमत्कारिक वाटतं, कारण "इटसेल्फ" तिकडं वस्तूला लावतात.

नकारातला च: "दिलंच नाही" म्हणजे "डिड नॉट सप्लाय ॲट ऑल". "तोच", "हेच" म्हणजे "द सेम". आणि बेळगावी "की"ला, म्हणजे "पाठवलंय की", "होय की" यातल्या "की"ला, लेखी इंग्रजीत काहीच नाही. त्याच्या बदल्यात "नो" किंवा "या" लिहू नये. तो आवाजातला जोर आहे, कागदावर उतरत नाही.

जाता जाता "मात्र". मराठीत तो "पण"चा भाऊ, म्हणून "पण मात्र" बोलता बोलता तोंडात येतं आणि इंग्रजीत "बट हाउएव्हर" होऊन उतरतं. कन्नडमध्ये "मात्र" म्हणजे "फक्त". मराठीतही पावतीवर "अक्षरी रुपये पाच हजार मात्र" असतं, तिथं तो कन्नडसारखाच. दोन्ही भाषांत वावरणाऱ्यानं "मात्र" मनात आला की थांबून बघावं: हा "हाउएव्हर" आहे की "ओन्ली"? आणि चेकवरचा "ओन्ली" काढू नका. तो रकमेच्या पुढं कुणी काही घुसडू नये म्हणून असतो, त्याचं काम आहे. पत्रातल्या वाक्यात मात्र "वी रिसीव्ह्ड रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली" म्हटलं की "एवढेच आले, बाकीचे कुठं?" असा सूर लागतो. बाकी येणं असेल तर ठीक, नसेल तर उगाच वाद.

री- आणि बॅक

"रिटर्न", "रिप्लाय", "रिफंड", "रिपे", "रिपीट", "रीसेंड", "रीचेक": या शब्दांच्या सुरुवातीचा "री" लॅटिनमधून आलेला, त्यातच "परत" बसलेला आहे. त्यापुढं "बॅक" किंवा "अगेन" लावणं म्हणजे "परत परतफेड". इथं कात्री चालवा, प्रश्न नाही.

पण नियम उलटा लावू नका. "गिव्ह", "सेंड", "कम", "ब्रिंग" यांच्यात "री" नाही, म्हणून त्यांना "बॅक" हवाच. "सेंड द ड्रॉइंग" आणि "सेंड बॅक द ड्रॉइंग" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "रिसीव्ह" आणि "रिक्वेस्ट" यांतला "री" आता "परत" असा अर्थ देत नाही, म्हणून "वी रिक्वेस्ट अगेन" बरोबर, आणि आपलाच माल परत आला असेल तर "रिसीव्ह्ड बॅक" बरोबर. खरोखर तिसऱ्यांदा तपासलं असेल तर "रीचेक्ड अगेन" ऐवजी "चेक्ड फॉर द थर्ड टाइम" लिहा. आकडा दिला की जोर आपोआप येतो.

"रिव्हर्ट बॅक"वर वेगळं बोलायला हवं. भारतात "रिव्हर्ट" म्हणजे उत्तर देणं झालंय. बाहेर त्याचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला जाणं. वर्कशॉपच्या पत्रात हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ड्रॉइंगची सी आवृत्ती चालू आहे आणि तुम्ही लिहिलंत "प्लीज रिव्हर्ट बॅक ऑन द ड्रॉइंग". पलीकडचा डिझाइनवाला असं समजू शकतो की तुम्हाला बी आवृत्तीवर परत जायचंय. "बॅक" काढून उपयोग नाही, "रिव्हर्ट"च जायला हवा. "प्लीज रिप्लाय" लिहा.

जरी–तरी, कारण–म्हणून

मराठीत "जरी" आला की "तरी" यावाच लागतो. एकटा "जरी" लंगडा वाटतो. इंग्रजीत "ऑलदो" आणि "बट" दोघंही वाक्य जोडणारे आहेत, एका सांध्याला एकच बिजागरी बसते. "ऑलदो पॉवर वॉज ऑफ, बट वी डिस्पॅच्ड" मधला एक काढा, कुठलाही. "ऑलदो पॉवर वॉज ऑफ, वी डिस्पॅच्ड" किंवा "पॉवर वॉज ऑफ, बट वी डिस्पॅच्ड". "तरीही"चा जोर सोडवत नसेल तर "स्टिल" ठेवता येतो: "ऑलदो पॉवर वॉज ऑफ, वी स्टिल डिस्पॅच्ड". "स्टिल" इथं क्रियाविशेषण आहे, जोडणारा नाही, म्हणून तो "ऑलदो"बरोबर बसतो. पुष्कळ जण "बट" काढताना घाबरून "स्टिल"ही काढतात आणि मग वाक्य मिळमिळीत झालं म्हणून कुरकुरतात.

"ॲज द मशीन वॉज डाउन, सो वी कुड नॉट" हीही तीच कथा: "ॲज" किंवा "सो", एकच. "सो देअरफोर" तर सरळ दुहेरी. "इफ… देन" मात्र चालतं, विशेषतः नियम किंवा प्रक्रिया लिहिताना.

"सुद्धा"ची जोडी यांच्याच घरातली. "ऑल्सो", "टू", "ॲज वेल" यांतला एका वाक्यांशात एकच. "ऑल्सो" मुख्य क्रियापदाच्या आधी, "टू" आणि "ॲज वेल" शेवटी. नकारात तिघंही बाद: "मलाही मिळालं नाही" म्हणजे "आय डिड नॉट रिसीव्ह इट आयदर". "आय ऑल्सो डिड नॉट रिसीव्ह" आपल्याकडं इतकं रुळलंय की इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या पत्रातही दिसतं. "नॉट ओन्ली… बट ऑल्सो" ही बरोबर जोडी आहे, तिच्या शेपटाला "ॲज वेल" लावू नका म्हणजे झालं.

व्हेरी, टू, आणि जोराचे बाकीचे शब्द

"व्हेरी" फक्त कमी-जास्त होणाऱ्या गुणाला लागतो. मोठं कमी-जास्त असतं, म्हणून "व्हेरी बिग". "ह्यूज", "एक्सलंट", "परफेक्ट", "एसेन्शियल" हे शब्द आधीच टोकाला पोचलेले असतात, त्यांना "व्हेरी" लावणं म्हणजे भरलेल्या घागरीत पाणी ओतणं. त्यांना लागलाच तर "ॲब्सोल्यूटली". "व्हेरी मच एसेन्शियल" ऐवजी नुसता "एसेन्शियल". "व्हेरी मच सॉरी" नव्हे, "व्हेरी सॉरी". "व्हेरी मच" क्रियापदाबरोबर शोभतो, "थँक यू व्हेरी मच". "मोर बेटर"ही याच घरातलं: "बेटर"मध्येच "अधिक" आहे. ते "मच बेटर" करा.

काही जोड्यांवर लोक उगाच तुटून पडतात. "कम्प्लीटली फुल" घ्या. भांडं अर्धंही भरलेलं असू शकतं, म्हणून पूर्ण भरलं हे सांगायला "कम्प्लीटली" चालतो. "फुली कम्प्लीटेड" मात्र पोकळ.

"टू"ची चूक महागात पडू शकते. बोलताना "टू गुड" म्हणजे भारी. लेखी इंग्रजीत "टू" म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त. तपासणीच्या रिपोर्टमध्ये "द बोअर इज टू स्मूथ" (बोअर म्हणजे यंत्रावर कोरलेलं भोक) लिहिलं तर ग्राहक वाचणार की फिनिश मर्यादेबाहेर गेलंय. काही जागी तेल धरून ठेवायला थोडा खडबडीतपणा लागतोच, म्हणजे ही शंका त्याला येणं रास्त आहे. तारीफ करायला जाऊन आपणच माल नाकारून घेतला!

जोर द्यायचा असेल तर इंग्रजीत शब्दागणिक ठरलेला जोडीदार असतो: "स्ट्राँगली रेकमेंड", "डीपली रिग्रेट", "फुली ॲग्री", "बॅडली नीडेड". असा जोडीदार पाठ असेल तर दुसरा लागत नाही. "हार्दिक आभार"चं "हार्टली थँक्स" करू नका, तसा शब्द नाही.

कृपया, नम्र, विनंती

"कृपया सहकार्य करावे ही नम्र विनंती": मराठी अर्जात तिन्ही शब्द शोभतात, सरकारी कागदाचा तो बाजच आहे. इंग्रजीत तिन्ही उतरवले की "आय काइंडली रिक्वेस्ट यू टू प्लीज" होतं. एकच ठेवा. तहसीलदार कार्यालयात किंवा पंचायतीच्या पीडीओकडं (पंचायत विकास अधिकाऱ्याकडं) अर्ज असेल तर "काइंडली" चालतो, तिथं कुणाचं काही बिघडत नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या ग्राहकाला "प्लीज" द्या, त्यांच्या कानाला "काइंडली" कधी कधी हुकूम सोडल्यासारखा लागतो.

ज्यांना हात लावायचा नाही

"ओन्ली जस्ट" म्हणजे जेमतेम, आत्ताच. "जस्ट ओन्ली" म्हणजे चूक. फरक फक्त क्रमाचा. "फार टू", "मच टू" बरोबर. "मोर अँड मोर" म्हणजे वाढत जाणारं, बरोबर. "स्लोली बट शुअरली", "वन्स अँड फॉर ऑल", "फर्स्ट अँड फोरमोस्ट" या ठरलेल्या जोड्या आहेत. पत्रात एखादी ठीक, तीन आल्या तर भाषण वाटतं.

आणि वकिलाच्या कागदाला कात्री लावू नका. भाडेकरारात "नल अँड व्हॉइड", "ईच अँड एव्हरी", मृत्युपत्रात "लास्ट विल अँड टेस्टामेंट" असतं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या कायद्यात फ्रेंच आणि लॅटिन शिरली, आणि शंका नको म्हणून एकाच अर्थाचे दोन शब्द, पुष्कळदा दोन भाषांतले, शेजारी लिहायची रीत पडली. "विल" इंग्रजी, "टेस्टामेंट" लॅटिनमधून आलेला. आपल्याकडच्या "कागदपत्र"सारखंच की: कागद फारशी, पत्र संस्कृत. रोजच्या ईमेलमध्ये मात्र "ईच अँड एव्हरी" ऐवजी एक: नग सुटा सुटा मोजायचा असेल तर "ईच", सरसकट असेल तर "एव्हरी".

एक पत्र दुरुस्त करून

सगळे दोष मुद्दाम एकत्र भरलेलं पत्र:

"वी काइंडली रिक्वेस्ट यू टू प्लीज चेक द अटॅच्ड रिपोर्ट. वी हॅव रीचेक्ड अगेन ऑल द ट्वेल्व्ह हाउसिंग्ज यस्टरडे ओन्ली. ऑलदो द मशीन इज ओल्ड, बट द बोअर इज टू स्मूथ. टू पीसेस ऑल्सो हॅव ब्लोहोल्स टू, सो देअरफोर वी विल रिटर्न देम बॅक टुमॉरो इटसेल्फ. प्लीज रिव्हर्ट बॅक ऑन द ड्रॉइंग इमिजिएटली ॲट वन्स."

५५ शब्द. दुरुस्तीनंतर:

"प्लीज चेक द अटॅच्ड रिपोर्ट. वी रीचेक्ड ऑल ट्वेल्व्ह हाउसिंग्ज यस्टरडे. ऑलदो द मशीन इज ओल्ड, द बोअर फिनिश इज आरए १.६. टू पीसेस हॅव ब्लोहोल्स. वी विल रिटर्न देम टू द फाउंड्री टुमॉरो. प्लीज रिप्लाय अबाउट द ड्रॉइंग बाय फ्रायडे."

४१ शब्द, आणि माहिती वाढली. "टू स्मूथ"च्या जागी मोजमाप आलं (आरए हे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचं माप), "परत" कुठं ते आलं, "इमिजिएटली ॲट वन्स"च्या जागी वार आला. जोडशब्द बहुतेक वेळा आकडा, तारीख किंवा नाव यांच्या रिकाम्या जागेवर बसलेले असतात. दुसऱ्या वाक्यातली "हॅव" का गेली? काळ सांगणारा "यस्टरडे" आला की "हॅव" बसत नाही. तो वेगळा रोग आहे, पण या जोड्यांच्या सोबतीनं हमखास येतो.

पाठवण्याआधी

पत्र पूर्ण झाल्यावर कंट्रोल-एफ दाबून हे शब्द एकेक शोधा: बॅक, अगेन, ऑल्सो, ओन्ली, इटसेल्फ, व्हेरी, टू (दोन ओवाला), बट, सो, काइंडली. प्रत्येक ठिकाणी तो शब्द बोटानं झाकून वाक्य वाचा. अर्थ तोच राहिला तर काढा. अर्थ बदलला तर मनातल्या मनात मराठी वाक्य म्हणा आणि च, ही, तरी किंवा द्विरुक्ती काय सांगत होती ते ठरवून बदली शब्द घाला. एका पानाच्या पत्राला सुरुवातीला पंधरा मिनिटं लागतात, आठवडाभरात पाचावर येतात. वर्डच्या तपासणीवर विसंबू नका. तोच शब्द लागोपाठ दोनदा आला तर ती पकडते, पण "टुमॉरो इटसेल्फ"मध्ये तिला वावगं दिसेलच असं नाही, कारण दोन्ही शब्दांचं स्पेलिंग बरोबर आहे.

एवढं करूनही जोडी परत येत असेल तर दोन जागा तपासा. पहिली, फोनचा कीबोर्ड. तुम्ही वर्षभर "प्लीज काइंडली" टाइप केलेलं असतं, म्हणून "प्लीज" म्हटलं की तो स्वतःहून "काइंडली" पुढं करतो. जीबोर्डवर सुचवलेल्या शब्दावर बोट दाबून धरा, वर कचऱ्याची पेटी दिसेल, शब्द ओढून तिच्यात टाका. दुसरी जागा कोटेशनची जुनी फाइल. पुष्कळ ऑफिसांत चार वर्षांपूर्वीचं पत्र उघडायचं, नाव आणि आकडे बदलायचे आणि "सेव्ह ॲज" करायचं अशी पद्धत आहे. पाठवलेली पत्रं कितीही दुरुस्त केलीत तरी ती मूळ फाइल "वी शॅल रिव्हर्ट बॅक" घेऊन तशीच बसलेली असते. ती उघडा, एकदाच साफ करा, आणि जुनी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. नाहीतर पुढच्या महिन्यात कुणीतरी तीच उघडेल.